बिनठिपक्याची सही

सही त्याचीच होती. पहिलं अक्षर फाटक सताड उघडल्यासारखं रुंद, मधली अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली, आणि शेवटची रेघ उजवीकडे वर चढलेली. सव्वीस वर्षं गाड्या पास-नापास करून हाताला लागलेलं वळण, ते काय लपतंय. पण रेघेखाली ठिपका नव्हता. त्याने दाखला उजेडाकडे धरला, चष्मा काढून पुन्हा लावला, नखाने कागद खरवडून पाहिला. ठिपका नव्हता तो नव्हताच. समोर शाळेच्या मुलांची ने-आण करणारी व्हॅनवाली बाई ओढणीने मान पुसत उभी होती. तिच्या गाडीच्या दाखल्याची मुदत परवा संपत होती, म्हणून ती आज गाडी घेऊन आली होती आणि रीतीप्रमाणे मागच्या वर्षीचा दाखला तिने पुढे केला होता. "काय झालं साहेब, कागद चुकीचा आणला का?" ती म्हणाली. तो म्हणाला, "कागद बरोबर आहे." म्हणाला खरं, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

आता ठिपक्याचं म्हणाल तर ती गोष्ट तपासणी केंद्राच्या फाटकावर पानसिगारेट विकणाऱ्यालासुद्धा माहीत होती. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्याने एका ट्रकच्या दाखल्यावर सही केली, कागद ड्रायव्हरच्या हातात देता देता सहज पुढच्या चाकाकडे नजर गेली, तर एक नट जागेवर नाही. सही झालेली, कागद अर्धा त्याच्या हातात अर्धा ड्रायव्हरच्या. त्याने तो ओढून घेतला, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. तेव्हापासून त्याने स्वतःपुरता नियम केला. गाडीभोवती एक फेरी, मग खाली खड्ड्यात उतरून हातोडीने ठोकठोक, मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून ब्रेक, हँडब्रेक, दिवे, वायपर, मग बाहेर येऊन सही. सही झाली की पेन उघडंच ठेवून गाडीसमोर पुन्हा एकदा उभं राहायचं, तिच्या तोंडाकडे बघायचं, आणि मन म्हणालं की हो, तरच रेघेखाली ठिपका. दाबून. मागच्या कागदावर उमटेल असा. ड्रायव्हर लोक फाटकाबाहेर एकमेकांना "पास झाली का" असं विचारतच नसत, "ठिपका पडला का" असं विचारत. पाठीमागे त्याला ठिपकेसाहेब म्हणत हेही त्याला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला सांगा, ते ऐकून त्याला आतून बरं वाटे. माणसाला आयुष्यात एवढंसं काही मिळालं तरी पुष्कळ होतं.

त्याने तारीख पाहिली. मागच्या वर्षीची, याच महिन्यातली अकरा. आणि बोट ठेवून पुन्हा वाचली, कारण दहा ते तेरा तो रजेवर होता. अकराला सकाळी बायकोच्या पोटातली गाठ काढली होती. सव्वीस वर्षांत सलग चार दिवस रजा त्याने तेवढीच घेतलेली, मग ती विसरेल कशी. म्हणजे आपण दवाखान्यात आणि आपली सही इथे. सही काय पाय फुटून आली? त्याने हळूच मान वळवली. खिडकीच्या काचेआड सव्वानऊ बसला होता, नेहमीसारखा कानात काडी घालून डोळे मिटलेला. सव्वानऊ म्हणजे केंद्रावरचा कारकून. ऑफिस नऊचं, पण हा माणूस गेली चौदा वर्षं ठोक सव्वानऊला येई, ना आधी ना नंतर, लोक त्याच्यावर घड्याळं लावत. नोंदवही त्याच्याकडे, कोरे दाखले त्याच्याकडे, शिक्का त्याच्याकडे. मग आता राहिलं काय? राहिली होती फक्त सही.

"गाडी खड्ड्यावर घ्या," तो व्हॅनवालीला म्हणाला. खाली उतरला तेव्हा गार तेलकट वास नाकात शिरला, तोच रोजचा, पण आज त्याला वाटलं की कुणीतरी आपल्याआधी इथे उतरून गेलं आहे. डाव्या मागच्या चाकाशी त्याने बॅटरी धरली. आतून तेल पाझरून, वाळून, त्याची काळी खपली धरली होती. वर येऊन त्याने चाक काढायला लावलं, तर ब्रेकचं लायनर रिव्हेटपर्यंत घासलेलं. ही एका वर्षाची कमाई नव्हे, हे दुखणं मागच्या वर्षीही होतंच, आणि खड्ड्यात उतरलेल्या कुठल्याही माणसाला ते दिसलं असतं. दाखल्यावर मात्र ब्रेकच्या चौकोनात बरोबरची खूण होती, हँडब्रेकच्या चौकोनातही होती. चाक परत बसवून गाडी फाटकाजवळच्या उतारावर घ्यायला लावली, तो सीटवर बसला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी ओढ्यातल्या होडीसारखी हळूच पुढे सरकली. पायाशी काहीतरी गडगडलं. वाकून पाहिलं तर दगड. चांगला पसाभर, एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला.

"हा कशाला?" त्याने विचारलं.

"शाळा उतारावर आहे ना साहेब. मुलं उतरेपर्यंत चाकाखाली ठेवते."

"किती मुलं?"

"चौदा. एक धाकटा आहे, तो मांडीवर बसतो दुसऱ्याच्या."

"हँडब्रेक धरत नाही हे तुम्हाला कळत नव्हतं?"

ती ओशाळली. "कळत होतं. पण मी गेल्याच वर्षी गाडी घेतली, मला काय अनुभव. म्हटलं साहेबांनी पास केली आहे म्हणजे एवढं चालत असेल. तुमची सही आहे म्हणून तर मी निर्धास्त होते."

तो खाली उतरला. नापासाचा कागद लिहिला, सही केली, समोर उभं राहून व्हॅनच्या तोंडाकडे पाहिलं आणि ठिपका दिला, कारण नापास करणंही तपासूनच करायचं असतं. ती म्हणाली, "आणि उद्या मुलांना कसं नेऊ?" त्याने तिला दोन गल्ल्या पलीकडच्या मिस्त्रीकडे गाडी ढकलत न्यायला सांगितलं, चालवत नाही, ढकलत. ती गेल्यावरही तो दगड त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. एखाद्या बाईने वर्षभर रोज दोनदा वाकून दगड लावायचा, काढायचा, आणि आपल्या मनाची समजूत कशाने घालायची, तर कुणाच्या तरी सहीने. कुणाच्या तरी कसली, माझ्या. नव्हे, माझ्या म्हणून कुणीतरी केलेल्या. 

जेवणाच्या सुट्टीत सव्वानऊ डबा घेऊन मागच्या बाकावर गेला आणि याने फायलींचं कपाट उघडलं. दहाला एकही नाही, मग अकरा, बारा, तेरा. चार दिवसांत नऊ गाड्या. नऊ दाखल्यांच्या नऊ प्रती, नऊ सह्या, आणि एकीखालीही ठिपका नाही. व्हॅन, दोन टेम्पो, बेकरीची गाडी, चार भाड्याच्या मोटारी, गॅसच्या टाक्या वाहणारा छोटा ट्रक. गॅसच्या टाक्या. तो स्टुलावर बसला. आता त्याला एकेक आठवू लागलं, आणि आठवू लागलं की माणसाला काय वाटेल ते आठवतं. सव्वानऊ मागच्या वर्षभरात आपल्या नजरेला नजर देत नाही. परवा चहा त्यानेच पाजला, तो का बरं? दिवाळखोरासारखा फिरणारा माणूस, त्याने नवे बूट घेतले, ते कशावर? मोठ्या साहेबांच्या केबिनमधून हसत बाहेर आला होता एकदा. एकदा आपली सही एका रद्दी कागदावर गिरवलेली दिसली होती; आपणच पेन चालतंय का बघायला गिरवली असेल असं तेव्हा वाटलं, पण कशावरून? म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की, आणि ते आपल्याच जोत्याखाली मुरतंय. दुसऱ्या केंद्रावरून बदलीवर माणूस यायचा तेव्हाही त्याला असंच व्हायचं. आपल्या खुर्चीत दुसरा बसला की ती आपली राहत नाही, असं त्याचं पक्कं मत. खुर्चीचं हे, मग सहीचं काय.

मागे चाहूल लागली. सव्वानऊ डब्याचं झाकण हातात घेऊन दारात उभा होता. त्याची नजर मांडीवरच्या फायलीवर गेली आणि चेहरा उतरला.

"साहेब, त्या फायलीत नका शिरू."

"का बरं?"

"झालं गेलं. त्या दिवसांत तुमच्या डोक्याला काय कमी ताप होता? जाऊ द्या."

"व्हॅनला ब्रेक नव्हता. चौदा मुलं बसतात त्यात. त्यावर सही कुठून आली?"

सव्वानऊने मागे वळून पाहिलं. झाकण या हातातून त्या हातात केलं. "तुम्ही मला विचारता?" तो म्हणाला, आणि अगदी हलक्या आवाजात पुढे म्हणाला, "मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही." आणि गेला. खाई त्याला खवखवे, याच्या मनात आलं. धमकीच झाली ही एक तऱ्हेची. कर नाही त्याला डर कशाला? सरळ माणूस असता तर बोलला असता. त्याने तिथेच कोरा कागद ओढला आणि मोठ्या साहेबांच्या नावे अर्ज लिहिला. माझ्या रजेच्या काळात माझ्या खोट्या सह्या करून नऊ दाखले देण्यात आले. माझ्या खऱ्या सहीखाली ठिपका असतो, या सह्यांखाली तो नाही, हाच पुरावा. संशय कारकुनावर. चौकशी होऊन त्यास कामावरून काढावे. खाली सही केली. साहेब बाहेरगावी होते, उद्या सकाळी येणार होते. त्याने अर्ज त्यांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवला, आणि संध्याकाळी घरी जाताना सव्वानऊ "येतो साहेब" म्हणाला तेव्हा हा खिशात रुमाल शोधत राहिला.

घरी बायको भाजी निवडत होती. वर्षभरात ती पुष्कळ सुधारली होती, फक्त उठताना अजून एक हात पोटावर जायचा. तो तिच्या समोर बसला. सरळ विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. बायकोशीसुद्धा तो आधी फेरी मारी, मग खड्ड्यात उतरे. म्हणाला, "तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी मी कुठे गेलो होतो का गं? मधेच, ऑफिसात वगैरे?"

"तुम्ही? तुम्ही बाकावरून हललाही नाहीत. का?"

"सहज."

"सहज काही विचारणारे तुम्ही नव्हे. काय झालंय ते सांगा." त्याने भाजीची जुडी पुढे ओढली, तसं तीच म्हणाली, "मला तो दिवस चांगला आठवतो. मला आत नेत होते ना स्ट्रेचरवरून, तेव्हा तुम्ही सह्या करत बसला होतात. मांडीवर ही एवढी चळत. आणि तो तुमचा सव्वानऊ शेजारी उभा राहून एकेक कागद पुढे सरकवत होता. सकाळी सातला आला होता बिचारा, म्हणजे बघा. मी म्हटलं आता सूर्य कुठून उगवणार."

ती हसली. त्याला हसू आलं नाही.

"मी हाक मारली तुम्हाला. तुम्ही मान वर केली नाहीत. जरा वाईट वाटलं, खरं सांगते. पण मग म्हटलं, केवढे हे कागद, आणि सगळे माझ्यासाठी. दुसऱ्याचा नवरा असता तर डोळे मिटून सह्या ठोकून मोकळा झाला असता. हा माणूस तपासल्याशिवाय सही करत नाही. मग मला भीती वाटली नाही. गुंगी येईपर्यंत मी तेच मनात म्हणत होते." तिने देठं गोळा करून कागदात बांधली. "कधी बोलले नाही तुम्हाला. बोलून काय, उगाच चढून बसाल."

तो उठून खिडकीशी गेला. समोरच्या घराच्या कठड्यावर कुणीतरी चटई वाळत घातली होती, तिच्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता ती चटई हिरवी झाली, दवाखान्यातल्या बाकासारखी, एका कडेला उसवलेली, फिनेलचा वास येणारी. सव्वानऊला आदल्या संध्याकाळी फोन त्यानेच केला होता. सव्वानऊ म्हणाला होता, "बदलीवर कुणाला मागवू का साहेब? पलीकडच्या केंद्रावरचे येतील." आणि याच्या डोळ्यांसमोर तो पलीकडचा चटपटीत निरीक्षक आला होता, याच्या खुर्चीत रेलून बसलेला, याचे जुने कागद उलटेपालटे करणारा, जाऊन साहेबांच्या कानाला लागणारा. "कुणी नको," हा म्हणाला होता. "लोकांच्या तारखा संपतायत, गाड्या परत पाठवता येणार नाहीत. कोरे दाखले घेऊन दवाखान्यात या, मी सह्या करून देतो. गाड्या तुम्ही बघा." "मला काय कळतं साहेब गाडीतलं?" "डोळे आहेत ना?" असं तो म्हणाला होता. हेच शब्द. आणि सकाळी सातला तो आला, आणि याने सह्या केल्या, एकीमागून एक, कोऱ्या चौकोनांखाली, आणि हात ठिपक्यासाठी थांबला नाही, कारण समोर गाडीच नव्हती. हाताला नियम माहीत होता. हात बिचारा खोटं बोलला नव्हता. पुढे गाठ निघाली, गाठ साधी निघाली, आनंद झाला, आणि तो बाक, ती चळत, तो फोन, सगळं कुठे खोल जाऊन बसलं की वर्षभरात एकदाही वर आलं नाही. असं होऊ शकतं? दुसरं कुणी सांगितलं असतं तर त्याने विश्वास ठेवला नसता.

आणि त्या चळतीत दवाखान्याचं संमतीपत्रही होतं. नर्सने आणून वरच ठेवलं होतं. ते वाचलं का? त्याने पुष्कळ डोकं खाजवलं. त्यावर काय लिहिलं होतं यातला एक शब्द त्याला आठवेना.

रात्रभर काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. सकाळी साडेआठला तो केंद्रावर पोचला, अर्ज साहेबांच्या आधी ट्रेमधून काढून घ्यावा, फाडून टाकावा, कुणाला काही कळायला नको, असा सरळ सोपा बेत करून. पण केबिनचं दार उघडं होतं. मोठे साहेब पहाटेच्या गाडीने आले होते आणि अर्ज त्यांच्या हातात होता.

"बसा," ते म्हणाले. "वाचला. मला दोन गोष्टी कळत नाहीत. एक म्हणजे, तुमच्या ठिपक्याची कीर्ती अख्ख्या गावात. खोटी सही करणारा शेवटची रेघ इतकी हुबेहूब काढतो आणि ठिपका तेवढा विसरतो?"

तो बसला नाही.

"आणि दुसरी," साहेबांनी अर्ज त्याच्याकडे फिरवला. "ठिपका नसेल ती सही खोटी म्हणता. या अर्जावर कुठे आहे ठिपका?"

त्याने पाहिलं. पहिलं अक्षर रुंद, रेघ उजवीकडे वर, आणि खाली पांढरा कागद. अजूनही वाट होती. साहेब, घाईत राहिला, असं म्हणता आलं असतं. सव्वानऊ सांगणार नव्हता, तसं तो बोललाच होता, आणि बोलला ते पाळणारा होता. नऊ वाजायचे होते. काट्याकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याला वाटलं की सव्वानऊला तो माणूस त्या दारातून आत येईल, कानात काडी घालून बसेल, आणि आपल्याला आयुष्यभर त्या काचेकडे बघावं लागेल.

"तपासल्यावरच ठिपका देतो," तो म्हणाला. "हा अर्ज मी तपासला नव्हता."

"म्हणजे?"

"सह्या माझ्याच आहेत. नऊच्या नऊ. कोऱ्या दाखल्यांवर मी केल्या, दवाखान्यात बसून. मीच त्याला बोलावून घेतलं होतं. तो नको म्हणत होता."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "सव्वीस वर्षं झाली ना तुम्हाला? याचं काय होईल माहीत आहे?"

"माहीत आहे. लिहून देतो. फक्त आधी एक तासभर फोन वापरू द्या. एक गाडी काल आली. आठ अजून रस्त्यावर आहेत."

त्याने नवा कागद घेतला, चार ओळी लिहिल्या, वाचल्या, पुन्हा वाचल्या, खाली सही केली. पेन उघडंच ठेवून क्षणभर थांबला आणि रेघेखाली ठिपका दिला. खालच्या कागदावर तो उमटला. मग फाईल उघडून त्याने पहिला नंबर फिरवला, गॅसच्या टाक्यांच्या ट्रकचा. सव्वीस वर्षं लोकांनी त्याला फोन करून गाडी कधी आणू एवढंच विचारलं होतं, त्याने कधी कुणाला स्वतःहून फोन केला नव्हता. पलीकडचा माणूस दचकलाच. "पासिंगचं होय? आणतो की साहेब. कधी आणू? कुठे आणू? तिकडेच ना?"

"आणू नका," तो म्हणाला. "आहे तिथेच उभी ठेवा. चाकाला दगड लावा. मी येतो."

दुसरा फोन, तिसरा. बेकरीवाला चिडला, एका मोटारवाल्याने त्यालाच वेड्यात काढलं, एकाने गाडी विकली होती पण घेणाऱ्याचा नंबर दिला. सगळ्यांना त्याने तेच सांगितलं. सव्वानऊला दार वाजलं. कारकून आत आला, साहेबांच्या टेबलावरचे दोन्ही कागद त्याला दारातूनच दिसले असावेत, कारण तो जागीच थबकला. याने फोनवर हात ठेवला. "माझ्याकडून चूक झाली," तो म्हणाला. "काल मी तुमच्याविरुद्ध लिहिलं होतं." सव्वानऊने मान हलवली, हो म्हणाला की असू द्या म्हणाला ते समजलं नाही. मग तो हातोडी, बॅटरी आणि फायलींची पिशवी घेऊन आला आणि दाराशी उभा राहिला. "ट्रक आधी करू," म्हणाला. "माझी स्कूटर आहे."

"एक फोन राहिलाय," याने सांगितलं आणि घरचा नंबर फिरवला. बराच वेळ घंटी वाजली. तिला उठायला वेळ लागतो, एक हात पोटावर ठेवून उठते, हे त्याला माहीत होतं, तरी तो घंट्या मोजत राहिला.

"काय हो, काय विसरलात?" तिने विचारलं.

"तुझे दवाखान्याचे कागद कुठे आहेत?"

"कपाटात, वरच्या खणात. कशाला?"

"मी ते वाचले नव्हते," तो म्हणाला. "त्या दिवशी. एकही नाही."

पलीकडून नळाचं पाणी पडल्याचा आवाज तेवढा येत होता. 

"घरीच थांब," तो म्हणाला. "मी आठ गाड्या करून येतो."